इंग्रजीतलं रडणं: डोळ्यांतलं, छातीतलं, गळ्यातलं आणि नाकातलं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताईंनी एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर हाती घेतलंय. गोष्टीत घरातला कर्ता माणूस गेलाय. एकाच पानावर त्याची बायको आधी 'वीप' करते, मग 'सॉब' करते. म्हातारी आई 'वेल' करते, धाकटं पोर 'बॉल' करतं, कोचावर बसलेला मेहुणा 'स्निव्हल' करतो आणि दाराशी कुत्रं 'व्हिंपर' करतं. शब्दकोश उघडला तर सगळ्यांपुढे रडणे, विलाप करणे, आक्रोश करणे हेच तीन अर्थ फिरून फिरून येतात. ताई विचारतात, या शब्दांत खरंच काही फरक आहे, की तोच शब्द पुन्हा नको म्हणून लेखकाने सहा वापरलेत?

फरक आहे. मेहुण्याचा शब्द वाचून तर मला वाटायला लागलंय की पुढच्या प्रकरणात हा गृहस्थ इस्टेटीसाठी भांडणार. का, ते ओघात येईलच.

मी या कामात अठ्ठावीस वर्षं आहे. आधी कादंबऱ्या आणि मुलांची पुस्तकं, हल्ली बरंचसं काम सबटायटलचं. सुरुवातीला मीही तेच केलं जे बहुतेक जण करतात: एक उतरंड रचली. सगळ्यांत खाली 'स्निफल', मग 'व्हिंपर', 'वीप', 'सॉब' आणि अगदी वर 'वेल'. दुःख जेवढं मोठं तेवढा वरचा शब्द. तो कागद टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता. दोन पुस्तकं होईपर्यंत मी तो काढून टाकला, कारण तो पानोपानी खोटा पडत होता. मुलगा जाऊन वर्ष झालेली आई नुसती 'वीप' करते आणि आइस्क्रीम हातातून पडलं म्हणून पोर 'वेल' करतं. आता यात दुःख कोणाचं मोठं?

दुःखाचं वजन हे शब्द करतच नाहीत. ते आधी सांगतात की रडणं शरीरात कुठे चाललंय: डोळ्यांत, छातीत, गळ्यात की नाकात. आणि ते सांगता सांगता, रडणाऱ्याबद्दल सांगणाऱ्याच्या मनात काय आहे तेही बोलून जातात.

सुरुवात 'क्राय'पासून करू. हा दिसायला सगळ्यांत साधा आणि फसवायला सगळ्यांत पुढे. मुळात तो रडण्याचा नाहीच, ओरडण्याचा शब्द आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ हाक मारणं, ओरडून सांगणं एवढाच होता. गावात दवंडी देणारा तो 'टाउन क्रायर', त्याचा रडण्याशी काही संबंध नाही. डोळ्यांतलं पाणी या शब्दाला चिकटलं ते बरंच पुढे, 16 व्या शतकाच्या आसपास. जुना अर्थ मात्र गेला नाही, आणि खड्डा आहे तो इथेच. मुलांच्या साहसकथेचं माझं पहिलंवहिलं भाषांतर होतं. बरेच दिवस समुद्रात भरकटलेल्या जहाजावर खलाशाला किनारा दिसतो, तो काहीतरी म्हणतो आणि पुढे 'ही क्राइड' असं असतं. मी लिहून मोकळी झाले: "'जमीन! जमीन!' डोलकाठीवरचा खलाशी रडला." संपादकांनी समासात लाल शाईने एवढंच लिहिलं होतं: 'सातबाऱ्यावर नाव लागलं नाही का?'

तेव्हापासून संवादाच्या पुढेमागे 'क्राइड' दिसला की मी आधी तो माणूस ओरडतोय असं धरून चालते. 19 व्या शतकातली कादंबरी असेल तर बहुतेक वेळा तेच खरं निघतं. कोर्टाच्या कागदांत हीच गोष्ट उलट्या दिशेने छळते. मराठी जबाबात 'ती ओरडली' असतं, इंग्रजीत त्याचं नुसतं 'शी क्राइड' होतं, आणि मग बाई मदतीसाठी ओरडली की गप्प बसून रडली, यावर उलटतपासणीत वकील खेळत बसू शकतो. ओरडली असेल तर 'शाउटेड' किंवा 'स्क्रीम्ड' लिहावं, रडली असेल तर 'वॉज इन टिअर्स' लिहावं. जबाबात मोकळा 'क्राइड' मी कधी ठेवत नाही.

रडण्याच्या अर्थाने 'क्राय' आला तरी त्यात आवाजाचा अंश धरलेला असतो. एक उदाहरण नेहमी डोळ्यांसमोर ठेवावं. नुकतं जन्मलेलं बाळ 'क्राय' करतं, पण 'वीप' करत नाही. पहिले काही आठवडे बाळाचा डोळा ओला राहण्यापुरतंच पाणी तयार होतं, रडताना ते गालावर ओघळत नाही. घरातल्या आजीला हे शब्दकोशाच्या आधीपासून ठाऊक असतं: "एवढा घसा फोडतोय, पण टिपूस नाही गं डोळ्यांत." घसा फोडणं म्हणजे 'क्राय' आणि टिपूस म्हणजे 'वीप'.

'वीप' हा मूळचा इंग्रजीचाच जुना शब्द. तो पाण्याचा आहे. आवाज असला तर असला, नसला तरी अडत नाही. जखमेतून लस येत असेल तर डॉक्टर जखम 'वीप' करतेय म्हणतात. घाटरस्त्याला रिटेनिंग वॉल बांधतात तेव्हा तिच्यात ठरावीक अंतरावर पाइपचे तुकडे बसवून भोकं ठेवतात, मागच्या मातीत साठलेलं पाणी बाहेर यावं आणि भिंत ढकलली जाऊ नये म्हणून. आपल्याकडे साइटवरचा मुकादमही त्यांना 'वीप होल'च म्हणतो. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंधा घाटातून जाताना ती भिंत जरा थांबून बघा. आवाज नाही, हालचाल नाही, नुसती पाझरत असते. 'वीप' म्हणजे काय हे मला कोशापेक्षा त्या भिंतीने जास्त चांगलं शिकवलं. 'वीपिंग विलो' या झाडाचंही तसंच, फांद्या ओघळणाऱ्या पाण्यासारख्या खाली लोंबलेल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याला 'बॅबिलोनिका' असं नाव दिलं ते बायबलच्या 137 व्या स्तोत्रावरून. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, नद्यांकाठी बसून बंदिवान रडले आणि त्यांनी आपल्या वीणा तिथल्या झाडांवर टांगून ठेवल्या, असं त्यात आहे. झाड पुढे चीनकडचं निघालं, पण नाव राहिलं.

बायबलचा विषय निघालाच आहे तर 1611 च्या राजा जेम्सच्या इंग्रजी भाषांतराकडे बघू. त्यात ही वाटणी स्वच्छ दिसते. तिथे जमाव 'क्राय' करतो म्हणजे ओरडतो, आणि येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगून बसलेला त्याचा शिष्य पेत्र बाहेर जाऊन 'वीप' करतो म्हणजे रडतो. योहानाच्या शुभवर्तमानातल्या 11 व्या अध्यायाचं 35 वं वचन तिथे दोनच शब्दांचं आहे, आणि सर्वांत लहान वचन म्हणून ते प्रसिद्ध आहे: येशू रडला. प्रसंग लाजराच्या मृत्यूचा. दोनच वचनं आधी लाजराची बहीण मरिया आणि तिच्याबरोबर आलेली माणसंही रडताना दिसतात. इंग्रजीत त्यांनाही 'वीप' आणि येशूलाही 'वीप'. मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन वेगळी क्रियापदं आहेत. मरियेचं क्रियापद शोक करण्याचं, ऐकू येणाऱ्या रडण्याचं. येशूचं क्रियापद 'अश्रू' या नामावरून केलेलं, म्हणजे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही रडणी इंग्रजांनी एकाच शब्दात कोंबली. सहा शब्दांना एक 'रडणे' लावणाऱ्या आपल्या शब्दकोशांना हसण्याआधी हे आठवावं.

आजच्या बोलण्यात 'वीप' फारसा येत नाही. इंग्रज माणूस "काल मी खूप रडलो" हे सांगताना 'क्राय' वापरतो. 'वीप' छापील, थोडा भारदस्त. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो येतो, कवितेत येतो, आणि शांतपणे रडणाऱ्या माणसाला मान द्यायचा असेल तेव्हा येतो. मराठीत त्याला 'अश्रू ढाळणे' लावायचा मोह होतो. तो आवरावा. 'अश्रू ढाळले' म्हटलं की आपल्याला सभागृह, शोकसभा आणि थोडा खोटेपणा दिसतो, शेजारी 'नक्राश्रू' उभेच असतात. ('नक्राश्रू' हा दिसायला अस्सल संस्कृत, पण आहे इंग्रजी मगरीचाच अनुवाद.) त्यापेक्षा 'आसवं गाळणे', घरगुती प्रसंग असेल तर 'टिपं गाळणे', नाहीतर सरळ 'डोळ्यांतून पाणी वाहत होतं'. डोळे नुसते भरून आले, ओघळ फुटला नाही, तर 'वीप'ही नको. तिथे इंग्रजीत 'वेल अप' असतं आणि आपल्याकडे 'डोळे पाणावले' हा तोडीस तोड शब्द आहे.

'सॉब' कुठे तर छातीत. तो श्वासाचा शब्द आहे. श्वास आत घेताना अडकतो, झटके बसतात, खांदे हलतात. इथे मराठी भाग्यवान आहे, कारण 'हुंदका' हा त्याचा नेमका जोडीदार आहे. फरक एवढाच की इंग्रजी 'सॉब' क्रियापद म्हणून चालतो आणि आपल्याला हुंदके 'द्यावे' लागतात. 'स्फुंदणे' हे क्रियापद आपल्याकडे आहे आणि सुंदर आहे, पण ते दाबून ठेवलेल्या रडण्याचं. 'सॉब' मोकळा सुटला असेल तर 'ओक्साबोक्शी' किंवा 'हमसून हमसून'. दवाखान्यातल्या इंग्रजी टिपणांत 'एस.ओ.बी.' लिहिलेलं असतं. ते धाप लागण्याचं संक्षिप्त रूप, रडण्याशी त्याचा संबंध नाही. पण अक्षरं तीच आली आहेत आणि शरीरातली जागाही तीच, त्यामुळे 'सॉब' लक्षात ठेवायला मला ते उपयोगी पडतं.

'वीप' आणि 'सॉब' यांत घोटाळा होत असेल तर एक कसोटी सांगते. रडणाऱ्या माणसाचे हात चालू आहेत का? आणि त्याला बोलता येतंय का? कणीक मळता मळता बाई 'वीप' करू शकते. थेंब परातीत पडतात, ती मनगटाने गाल पुसते, मळणं चालू राहतं. 'सॉब' आला की हात थांबतात, परातीची कड धरावी लागते. बोलायचं तर 'वीप' करणारी पूर्ण वाक्य बोलते, आवाज थोडा ओला झालेला असतो. 'सॉब' करणारीचं वाक्य दर दोन शब्दांनी तुटतं. 'वेल' करणारीचे शब्द लांबत जातात. 'व्हिंपर'मध्ये शब्द जवळपास नसतातच. आणि 'ब्लबर' करणाऱ्याचे शब्द भरपूर असतात, पण नाक चोंदलेलं आणि ओठ सुजलेले असल्याने कळत एकही नाही.

ही कसोटी नुसता शब्द निवडायला नाही, वाक्य रचायलाही कामाला येते. मूळात संवाद आणि पुढे 'शी सॉब्ड' असेल, तर नवशिका लिहितो: "'मला माफ कर, माझं चुकलं,' ती हुंदके देत म्हणाली." चूक काहीच नाही, पण हुंदके देणाऱ्या बाईच्या तोंडी इतकं सरळ वाक्य बसत नाही. मी हुंदका वाक्याच्या आत घालते: "'मला माफ... माझं...' पुढचं हुंदक्यात गेलं." इंग्रजी वाचक क्रियापद वाचून तो आवाज मनात पुन्हा वाजवून घेतो. मराठी वाचकाला तो कानाने द्यावा लागतो.

'सॉब'ला एक हिणकस शेपूटही आहे. 'सॉब स्टोरी' म्हणजे सहानुभूती उकळायला सांगितलेलं रडगाणं. न्यूयॉर्कमध्ये 1907 साली हॅरी थॉ या धनाढ्य माणसावरचा खुनाचा खटला चालला, तेव्हा वार्तांकनाला बसलेल्या महिला पत्रकारांना कुत्सितपणे 'सॉब सिस्टर्स' म्हटलं गेलं आणि पुढे अमेरिकी वृत्तपत्रसृष्टीत तो शब्दच रूढ झाला. तेच लिहिणाऱ्या पुरुषांसाठी तसा शब्द निघाला नाही.

आता गळा. 'वेल' म्हणजे लांबवलेला, चढता-उतरता, उघड्या तोंडाचा आवाज. (देवनागरीत हा अंगणातली वेल आणि समुद्रातला देवमासा या दोघांसारखाच दिसतो. सांभाळून.) तो ऐकला जावा म्हणूनच असतो. सायरन 'वेल' करतो ते याच अर्थाने. तिथे पाण्याचा प्रश्नच नाही. जेरुसलेममधल्या भिंतीला इंग्रजीत बरीच वर्षं 'वेलिंग वॉल' म्हणत आले, कारण उद्ध्वस्त मंदिरासाठी तिथे शोक करणारे ज्यू बाहेरच्या लोकांना दिसत. ज्यू स्वतः तिला 'कोटेल' म्हणतात, पश्चिमेची भिंत, आणि 'वेलिंग' अनेकांना खटकतं. प्रार्थना आपण करायची आणि बघणाऱ्याने तिला 'आक्रोश' म्हणायचं, हे कोणालाही खटकेल. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलींबद्दल लिहिताना 'विलापाची भिंत' असं भाषांतर कृपा करून करू नका. 'पश्चिम भिंत' पुरे.

'वेल'च्या शेजारी 'हाउल'. हा लांडग्या-कुत्र्यांकडून आलेला. शेक्सपिअरचा म्हातारा राजा लियर शेवटच्या अंकात आपल्या मुलीचा, कॉर्डेलियाचा, मृतदेह हातांवर घेऊन रंगमंचावर येतो, तेव्हा त्याच्या तोंडी हा एकच शब्द ओळीने येतो. राजाचा पशू झालेला दिसतो तिथे. मराठीने याच जागी गाय निवडली आहे. 'हंबरडा' आला हंबरण्यातून. गाय वासरासाठी हंबरते, म्हणून 'हंबरडा' म्हटलं की त्यात आई आपोआप येते, ताटातूट येते. 'हाउल'मध्ये माया नाही, उघड्या माळरानावरचा एकटेपणा आहे. शिवाय आपल्याकडे कुत्रं रडणं अशुभ, त्यामुळे माणसाच्या शोकाला कुत्र्याची उपमा दिली की ती शिवीच होते. म्हणून 'हाउल'ला 'हंबरडा' लावताना माझा हात दर वेळी अडतो आणि दर वेळी मी शेवटी तोच लावते. दुसरा तेवढा मोठा शब्द नाही.

'वेल' आणि 'हंबरडा' यांतही फरक आहे. हंबरडा 'फुटतो', एकदम. 'वेल' चालू राहतो. चालू राहणाऱ्यासाठी आपल्याकडे 'हेल काढून रडणं' आहे, आणि त्यावरून 'कीन' आठवतो. 'कीन' म्हणजे उत्सुक, तीक्ष्ण, हा शब्द सगळ्यांना येतो. रडण्याचा 'कीन' वेगळाच, आयरिश भाषेतल्या शोक करण्याच्या क्रियापदावरून इंग्रजीत शिरलेला. मेलेल्या माणसाभोवती बसून बायकांनी त्याचे गुण, त्याचं कूळ, मागे राहिलेल्यांचे हाल सुरात सांगत रडायचं, अशी आयर्लंडची रीत होती. त्यासाठी पैसे देऊन बायकाही बोलावत. 17 व्या-18 व्या शतकांत कॅथलिक धर्मसभांनी त्यावर पुन्हा पुन्हा बंदी घातली. पुन्हा पुन्हा घालावी लागली, यातच ती किती पाळली गेली ते कळतं. 1773 साली गोळी घालून मारल्या गेलेल्या आर्ट ओ'लिअरीसाठी त्याची बायको आयलीन दुव हिने केलेला शोक तर आज आयरिश साहित्यातली थोर कविता म्हणून वाचला जातो.

आपल्या खेड्यांत हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाई माहेरच्या मयताला आली की उंबऱ्यापासूनच सूर लागतो, "आता दिवाळीला कोण न्यायला यील रं माझ्या दादा...", आणि आधी बसलेल्या बायका त्या सुरात सूर मिसळतात. ते रडणं खरं असतं आणि त्याला चालही असते. शहरात वाढलेल्या माणसाला ही दोन वाक्यं एकत्र पटत नाहीत, म्हणून तो त्याला 'गळा काढणं' म्हणतो. 'गळा काढणे' या शब्दात संशय आहे. 'कीन'मध्ये नाही. तेव्हा 'कीन'ला 'गळा काढला' लिहिलंत तर त्या बाईवर तुम्ही नकळत नाटकीपणाचा आरोप केलात. 'सुरात आठवणी काढत रडत होती' असं लांब लिहा, पण बरोबर लिहा.

इथून आपण नाकाकडे येतो, आणि नाकाकडे आलं की मान संपतो. डोळ्यातलं जादा पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरतं, म्हणून रडणाऱ्याचं नाक वाहतं. सगळ्यांचंच वाहतं. पण ते कोणाचं दाखवायचं हे लेखक ठरवतो. नायिका 'वीप' करते तेव्हा तिला नाक नसतं. 'स्निव्हल' करणाऱ्याला मात्र नाकाशिवाय काहीच नसतं. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या शेंबडाच्या शब्दावरून आलेला आहे आणि त्याचा वास अजून गेलेला नाही. त्यात रडणं आहे, त्यात स्वतःची कीव आहे, आणि बघणाऱ्याचा तिटकाराही आहे. म्हणून म्हटलं, ताईंच्या मेहुण्यावर लक्ष ठेवा. 'स्निफल' त्याचा गरीब भाऊ, नुसतं अधूनमधून नाक ओढणं. सर्दी झाली तरी करतात, त्यात तिरस्कार नाही.

'ब्लबर' म्हणजे देवमाशाची चरबीही, आणि लिबलिबीत चेहऱ्याने रडणंही. 'बॉल' म्हणजे भोकाड. 'भोकाड पसरणे' इतकं चपखल की त्यावर वेळ घालवत नाही. एकच सांगते: नवरा गेलेल्या बाईला 'बॉल' लावलेला दिसला तर लेखक तिच्यावर खार खाऊन आहे असं समजा. त्याच आवाजाला आदराने सांगायचं तर आपल्याकडे 'धाय मोकलून' आहे. आवाज तेवढाच मोठा, पण आब राखलेला. दारू पिऊन गळ्यात पडून रडणाऱ्यासाठी इंग्रजीत 'मॉडलिन' हे विशेषण आहे. ते बायबलमधल्या मग्दालिया मरियेच्या नावावरून आलं, कारण जुन्या चित्रांत तिला नेहमी रडताना दाखवत. ऑक्सफर्डमधल्या तिच्या नावाच्या कॉलेजाचा उच्चारही आजपर्यंत 'मॉडलिन'च करतात.

'व्हिंपर'ने मला सगळ्यांत जास्त दमवलंय. बारीक, तुटक, बंद तोंडाचा आवाज. भीतीचा, दुखण्याचा, आणि ऐकू जाऊ नये असं वाटत असताना निसटलेला. कुत्र्यासाठी प्रश्न नाही, 'कुंईकुंई'. माणसासाठी 'कण्हणे' लिहितात, पण कण्हणं आजारपणाचं आहे, लांब आहे, ते 'मोन'कडे जातं. 'मुसमुसणे' जवळ येतं, तरी त्यात रुसवा डोकावतो. 'व्हिंपर' आणि 'व्हाइन' एकच समजण्याची चूकही नेहमीची. कुत्र्याचा पाय दाराच्या फटीत सापडला की ते 'व्हिंपर' करतं. त्याच दाराशी बसून फिरायला ने म्हणून पाठ सोडत नाही तेव्हा 'व्हाइन' करतं. पहिल्याची दया येते, दुसऱ्याला आपल्याकडे किरकिर, पिरपिर, भुणभुण असे मुबलक शब्द आहेत. किरकिरीला तीन आणि घाबरून निसटलेल्या आवाजाला एकही धड नाही, हे आपल्या भाषेबद्दल काय सांगतं मला ठाऊक नाही, पण काम करताना चिडायला होतं.

'मॉर्न', 'ग्रीव्ह' आणि 'लमेंट' यांना रडण्याच्या रांगेत बसवूच नये. 'मॉर्न' हा रिवाज आहे, त्याला मुदत असते, पोशाख असतो. राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट 1861 मध्ये गेला आणि 1901 मध्ये स्वतः मरेपर्यंत ती काळ्या कपड्यांत राहिली. ते 'मॉर्निंग'. चाळीस वर्षं कोणी रडत नाही. आपला शब्द 'दुखवटा' किंवा 'सुतक', प्रसंग बघून. 'ग्रीव्ह' आत चालतं, बाहेर काही दिसेलच असं नाही. 'लमेंट'ला शब्द लागतात, तो विलाप.

आता ताईंचं पान. मी ते असं लिहिलं असतं: "ती मघापासून नुसती आसवं गाळत होती. कुणीतरी पाठीवर हात ठेवला आणि हुंदका फुटला, मग एकामागून एक येतच राहिले. आतल्या खोलीतून म्हातारीचं हेल काढून रडणं चालूच होतं. काय झालंय ते न कळून धाकट्याने भोकाड पसरलं. मेहुणा कोचाच्या कडेला टेकून, नाक ओढत, मुळूमुळू रडत होता. दाराशी कुत्रं कुंईकुंई करत होतं." इंग्रजीतली सहा क्रियापदं मराठीत सहा क्रियापदं होऊन आली नाहीत. ती यायचीही नसतात. इंग्रजी रडण्याची तऱ्हा क्रियापदातच भरते. मराठी 'रडणे' तसंच ठेवते आणि त्याच्या पुढे ढसाढसा, मुळूमुळू, ओक्साबोक्शी, घळाघळा असे शब्द जोडते. एका शब्दाला एक शब्द शोधत बसलात तर मराठी गरीब वाटेल. क्रियाविशेषणं मोजलीत तर इंग्रजीला हेवा वाटावा. मोल्सवर्थचा कोश (1831 चा, 1857 ची सुधारलेली आवृत्ती बरी) मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा आहे, पण मी तो उलटा वाचते. एखादा मराठी शब्द कानात घोळत असतो, त्याचं इंग्रजी बघते आणि आपल्या मनातलं रडणं तेच आहे का ते ताडते.

'मुळूमुळू'बद्दल एक कबुली. त्यात तिरस्कार नाही, थट्टा आहे. 'स्निव्हल'चा तिटकारा मी 'नाक ओढत'वर टाकला आणि कोचाच्या 'कडेला टेकून' बसवलं, म्हणजे माणूस पाहुण्यासारखा दिसेल. पुढच्या प्रकरणात तो खरंच सज्जन निघाला तर ताईंनी हे वाक्य बदलावं, मला कळवावं.

सबटायटलमध्ये हे लाडही परवडत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाजाची नोंद कंसात द्यायची असते आणि एखाद-दोन शब्दांत भागवायचं असतं. 'सॉब्ज'ला (हुंदके). 'स्निफल्स'ला (नाक ओढते). 'वेलिंग'ला (आक्रोश), मागून गर्दीचा असेल तर (रडारड). 'व्हिंपर्स'साठी माझ्या यादीत आजही चार नोंदी आहेत: (दबकं रडणं), (केविलवाणा आवाज), (मुसमुसते) आणि एकदा, अपहरण झालेल्या मुलीचं तोंड दाबलेल्या प्रसंगात, नुसतं (घशातला आवाज). कालच्या फाइलमध्ये पाचवा प्रसंग आलाय. कंस अजून रिकामा ठेवलाय.